बसलेली बाई दिसली तर बसू द्या

गेल्या महिन्यात माझी भाची संध्याकाळी दुकानातून थेट माझ्याकडे आली. तिला आठवा महिना चालू होता. दारात चपला काढताना वाकता येईना, म्हणून मीच खाली बसून तिच्या चपलेचा पट्टा सोडवला. पट्टा सुटला तरी त्याची खूण पावलावर तशीच राहिली. बोटभर रुंद, खोल, लालसर चर. घोट्याचं हाड कुठं आहे ते दिसतच नव्हतं. मी सवयीने तिच्या नडगीवर अंगठा ठेवला, घोट्याच्या चार बोटं वर, आणि दाबून पाचपर्यंत मोजलं. अंगठा उचलला तर तिथे खड्डा पडला होता. तो भरून यायला वेळ लागला.

"मावशी, असं असतंच ना?" ती म्हणाली. "दुकानातल्या सगळ्याजणी म्हणतात, आठव्यात पाय सुजतातच. सासूबाई म्हणतात, मीठ बंद कर. दवाखान्यात मागच्या वेळी विचारलं तर नॉर्मल आहे म्हणाले."

"बीपी कधी मोजलं शेवटचं?"

"तेव्हाच. महिना झाला."

"आणि दुकानात बसायला काय आहे?"

ती थोडा वेळ गप्प बसली. साड्यांचं मोठं दुकान आहे, सकाळी दहा ते रात्री साडेआठ. जेवणाचा अर्धा तास सोडला तर उभंच राहायचं. "काउंटरमागे बसलेलं गिऱ्हाइकाला बरं दिसत नाही, असं मालक म्हणतात," ती म्हणाली.

मी सांगली जिल्ह्यात तेहतीस वर्षं आरोग्यसेविका होते. तरण्या बायका मला सिस्टर म्हणायच्या, म्हाताऱ्या नर्सबाई म्हणायच्या. या तेहतीस वर्षांत किती पाय हातात घेतले त्याची मोजदाद नाही. काळ्या मातीने भेगाळलेले, डोहाळजेवणाची मेंदी लागलेले, उसाच्या पाचटाने ओरखडलेले. त्यातल्या बहुतेकींनी मला हेच वाक्य ऐकवलंय: "असं असतंच म्हणे."

हे वाक्य खोटं नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत पायांवर थोडीफार सूज बहुतेक बायकांना येते. पण "असं असतंच" आणि "नॉर्मल आहे" या शब्दांनी विषय संपवला जातो, त्यावर माझा आक्षेप आहे. जिची सूज साधी आहे तिला हे ऐकवून कुणी बसू देत नाही. जिची साधी नाही तिला हेच ऐकवून कुणी तपासत नाही. माझ्या डोळ्यांसमोर दोन्ही प्रकारच्या बायकांचे हाल झाले आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

आधी साधी सूज कशी येते ते सांगते, कारण मूळ कळलं की उपाय आपोआप कळतो. दिवस गेल्यावर बाईच्या अंगातलं रक्त वाढत जातं, जवळजवळ निम्म्याने वाढतं. शरीर पाणी धरून ठेवतं. बाळाला पोसायला ते लागतं आणि बाळंतपणात रक्त जातं त्याचीही ती तजवीज असते. दुसरीकडे संप्रेरकांमुळे शिरांच्या भिंती सैल पडतात. त्यात वाढलेल्या गर्भपिशवीचं ओझं ओटीपोटातल्या शिरांवर आणि पायांकडून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतं. खालचं रक्त वर यायला अडतं आणि पाणी शिरांतून झिरपून पावलांत, घोट्यांत साठतं.

इथे पोटरीचं काम लक्षात घ्या. मी बायकांना सांगायची, पोटरी म्हणजे तुमच्या पायातली मोट. चाललं की पोटरी आवळते, सैल होते, पुन्हा आवळते आणि रक्त वर ढकलते. एका जागी उभं राहिलं की मोट बंद पडते. म्हणून चार किलोमीटर रमतगमत चाललेल्या बाईपेक्षा चार तास काउंटरला टेकून उभ्या राहिलेल्या बाईचे पाय जास्त सुजतात. म्हणून सूज संध्याकाळी जास्त आणि सकाळी कमी असते. आणि म्हणूनच एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ती वाढते, कारण उष्म्याने शिरा आणखी पसरतात.

पायांच्या सुजेवरून आठवलं, ते आधी सांगते, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. जोडवी.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. घरभेटीला गेले तर नववा महिना लागलेली एक सून पाय लुगड्यात झाकून बसलेली. पाय दाखव म्हटलं तर दाखवेना. शेवटी सोबतच्या आशाताईने पदर बाजूला केला. अंगठ्याशेजारचं बोट फुगून जांभळं झालेलं आणि चांदीचं जोडवं मांसात इतकं रुतलेलं की वरची नक्षी तेवढी दिसत होती. कडेने कातडी फुटून पाणी येत होतं. चार दिवस ती पोर रात्रीची झोपली नव्हती. जोडवं काढायचं नाव काढलं तर सासू दारात आडवी उभी. सवाष्ण बाई, त्यात पोटुशी, जोडवं उतरवायचं कसं?

मी भांडले नाही. पोरीला आडवं केलं, पायाखाली दोन उशा आणि वर गोधडीची घडी ठेवली. गार पाण्याची फडकी बोटावर ठेवत अर्धा तास बसले. सूज जराशी उतरली तेव्हा बोटाला खोबरेल लावलं. मग शिवणाच्या दोऱ्याचं एक टोक सुईच्या बोथट बाजूने जोडव्याखालून आत सारलं आणि उरलेला दोरा जोडव्यापासून बोटाच्या टोकाकडे घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळला. बोट आवळलं गेलं. पोर ओरडली, आणि तिचा हात धरायला सासूच पुढे आली. आत सारलेलं टोक धरून मी दोरा हळूहळू उलगडत गेले, तसं जोडवं एकेक वेढा पुढे सरकत आलं. ते हातात आलं तेव्हा त्याच्याखाली पांढरी, मऊ पडलेली कातडी होती, पावसात भिजलेल्या कागदासारखी. सासूने ते जोडवं धुऊन, हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलं. "बाळंतीण झाल्यावर घालू," म्हणाली. कुणाचं काही बिघडलं नाही.

त्या दिवसापासून मी प्रत्येक गर्भवतीला सातव्या महिन्यातच जोडवी, पैंजण आणि अंगठ्या उतरवून देव्हाऱ्यात ठेवायला सांगत आले. गळ्यात काळे मणी आहेतच. डोहाळजेवणाला हिरव्या बांगड्या भरताना एक माप मोठ्या भरा. हात सुजले, ऐनवेळी सलाईन लावायची वेळ आली, तर दवाखान्यात बांगड्या फोडाव्या लागतात आणि मग तेच अशुभ म्हणून घरातले रडतात.

आता मिठाचं आणि पाण्याचं. साध्या सुजेसाठी मीठ पार बंद करू नका. अळणी जेवण बाईच्या घशाखाली उतरत नाही, ती कमी जेवते, आणि तिला या दिवसांत पोटभर जेवण हवं असतं. पापड, लोणचं, फरसाण, खारवलेल्या मिरच्या ताटातून कमी करा, तेवढं पुरे. पाणी कमी प्यायल्याने सूज उतरेल ही समजूत तर पार चुकीची आहे. पाणी कमी पडलं की लघवीला जळजळ होते, चक्कर येते, बद्धकोष्ठ होतं. आणि गोखरूचा काढा, घेटुळीची भाजी उकळून पाणी, किंवा औषधाच्या दुकानातून कुणीतरी आणलेली लघवी होण्याची गोळी, यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. पाणी बाहेर काढणारी गोळी गर्भवतीने आपल्या मनाने घ्यायची नसते.

उपाय साधे आहेत. दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटं कुशीवर आडवं होऊन पाय उशांवर छातीच्या पातळीहून वर ठेवायचे. झोपताना डाव्या कुशीवर झोपायचं, म्हणजे पाठीच्या उजव्या अंगाला असलेल्या त्या मोठ्या शिरेवरचा भार हलका होतो. दोन गुडघ्यांमध्ये उशी घेतली की कंबरेलाही बरं पडतं. बसल्या जागी पावलं घोट्यातून गोल फिरवायची, चवडे वर-खाली करायचे, म्हणजे मोट चालू राहते. खुर्चीत बसताना पाय लोंबकळत ठेवायचे नाहीत, खाली पाट घ्यायचा. चप्पल एक माप मोठी, पट्टा सैल करता येईल अशी. नोकरीमुळे उभं राहणं सुटणारच नसेल तर डॉक्टरांना विचारून पायाला आवळून बसणारे मोजे घ्यायचे, आणि ते सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवायचे, सूज आल्यावर नाही.

हे सगळं मी हजारदा सांगितलं. बायका मान डोलवायच्या आणि पुढच्या महिन्यात तसेच पाय घेऊन यायच्या. सुरुवातीला मला राग यायचा. मग एकदा एका बाईने मला सरळ विचारलं, "सिस्टर, मी आडवी झाले तर भाकरी कोण थापणार?" त्या दिवसापासून मी सल्ला बाईला देणं कमी केलं आणि घरातल्यांना देऊ लागले. विश्रांती ही गोळीसारखी बाईच्या हातात ठेवता येत नाही. ती घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी कामाच्या रूपात उचलावी लागते. नवऱ्याने दोन घागरी भराव्या लागतात. सासूने संध्याकाळची भाजी टाकावी लागते. दिराला सांगावं लागतं, तुझं ताट तू वाढून घे.

स्वयंपाकघराचंच बघा. आमच्या आया चुलीपुढे पाटावर बसून स्वयंपाक करत. धुराने त्यांचे डोळे गेले, मला त्या चुलीचा पुळका नाही. पण गॅस आला, ओटा आला आणि बाई दिवसाचे चार-पाच तास ओट्यापाशी उभी राहायला लागली. ओट्याच्या उंचीचं एक स्टूल फार महाग नसतं. किती घरांत गर्भवतीसाठी ते आणलेलं मी पाहिलं? दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील इतक्या.

इथवर साध्या सुजेचं झालं. पण पाय सुजतात तेव्हा दर वेळी सगळं साधं असतंच असं नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा लघवी तपासायच्या पट्ट्या उपकेंद्रात नव्हत्या. लघवी परीक्षानळीत घ्यायची, स्पिरिटच्या दिव्यावर नळीचा वरचा भाग तापवायचा. उकळी आली की वर ढग दिसतो का बघायचा. ढग दिसला तर ॲसेटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब टाकायचे. ढग विरला तर ठीक. तसाच राहिला तर लघवीतून प्रथिनं जात आहेत. त्या वासाने माझी खोली कायम भरलेली असायची. पण ती नळी उजेडाकडे धरून बघताना जी धडधड व्हायची, ती पट्टीचा रंग बघताना कधी झाली नाही.

एका गळीत हंगामात, कारखान्याच्या तळावर, बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळीत मी लसीकरणाला गेले होते. कोप्यांच्या रांगेत शेवटच्या कोपीत एक बाई डोक्याला फडकं घट्ट बांधून पडलेली. आठवा महिना. आदल्या दिवसापर्यंत मोळ्या वाहत होती, कारण कोयता नवरा-बायकोचा मिळून असतो आणि एक हात कमी पडला तर आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही. पाय तर सुजले होतेच, पण चेहराही सुजला होता, डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या. "डोकं लई ठणकतंय बाई, डोळ्यापुढं काजवं चमकत्यात," म्हणाली. बीपी १७० वर ११०. तिथेच कोपीबाहेर दिवा लावून लघवी तापवली. नळीत दह्यासारखं पांढरं गोठलं.

कारखान्याच्या गाडीतून तिला जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. वाटेत तिला झटका आला. दातखीळ बसली, जीभ चावली गेली, मी तिला कुशीवर वळवून धरून बसले होते. ती वाचली. बाळ वाचलं नाही. नवऱ्याने नंतर मला सांगितलं की आठ दिवस तिचं डोकं दुखत होतं, तोंड सुजलं होतं. त्याने टोळीतल्या जाणत्या बायकांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, दिवस भरत आलेत, सूज येतेच.

तिला जे झालं होतं त्याला वैद्यकात प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात, आणि झटका आला की एक्लॅम्प्सिया. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४० वर ९० किंवा त्याहून जास्त चढतं, लघवीतून प्रथिनं जातात, मूत्रपिंड, यकृत, मेंदू सगळ्यांवर ताण येतो. हे आता ओळखता येतं, आवरता येतं. मॅग्नेशियम सल्फेट या स्वस्त औषधाने झटक्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांच्या अभ्यासातून सिद्ध झालं. पण औषध द्यायला आधी बाई दवाखान्यात पोहोचायला हवी, आणि त्याआधी कुणाला तरी शंका यायला हवी.

शंका कधी घ्यायची? सूज पायांवरून हातांवर, चेहऱ्यावर आली, सकाळी झोपून उठल्यावरही उतरली नाही, एक-दोन दिवसांत एकदम वाढली, आठवड्यात वजन अचानक चढलं, तर त्याच दिवशी बीपी मोजून घ्या. डोकं सारखं दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे येत असतील, छातीखाली किंवा उजव्या बरगडीखाली दुखत असेल, लघवी कमी झाली असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. एकच पाय सुजला, पोटरी दुखते आहे, गरम लागते आहे, तर शिरेत रक्ताची गाठ झाली असू शकते. तो पाय चोळू नका, लगेच दाखवा. सुजेबरोबर दम लागत असेल, नखं-जीभ पांढरीफटक पडली असतील तर रक्त कमी आहे का, हृदयाचं काही आहे का, ते पाहावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे दर दोघींपैकी एक.

आणखी एक. सूज नसतानाही बीपी चढू शकतं. म्हणून डॉक्टर आता केवळ सुजेवरून या आजाराचं निदान करत नाहीत, आणि सूज नाही म्हणून निश्चिंतही राहत नाहीत. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतही हा धोका असतो. बीपी मोजायला दोन मिनिटं लागतात. मात्र बाईला आल्याआल्या, धापा टाकत असताना पट्टा बांधायचा नाही. पाच मिनिटं पाठ टेकवून बसवायचं, मग मोजायचं. घाईगर्दीच्या दवाखान्यात ही पाच मिनिटं मिळत नाहीत, हे मला माहीत आहे. मग बाईनेच म्हणावं, "सिस्टर, माझं बीपी मोजा आणि कार्डावर लिहा." माता-बाल संरक्षण कार्डावर त्यासाठी रकाना आहे. तो कोरा दिसला तर विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे.

आता दुकानाचं.

१९६१ चा प्रसूती लाभ कायदा बहुतेकांना रजेपुरता माहीत असतो. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा बाराची सव्वीस आठवडे झाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात पहिल्यापासून एक तरतूद होती, ती मी आजवर एकाही नोकरदार मुलीच्या तोंडून ऐकली नाही. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीचे सहा आठवडे आणि त्याच्याही आधीचा एक महिना, म्हणजे साधारण तिसाव्या आठवड्यापासून पुढे, तिने मागणी केली तर मालकाने तिला कष्टाचं किंवा बराच वेळ उभं राहावं लागेल असं काम देता कामा नये. कायद्यात "उभं राहणं" हा शब्दच होता. २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो तसाच घेतला आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यानेही उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय ठेवायला सांगितलं होतं. म्हणजे सुजलेल्या पायांची काळजी करणारे लोक या देशात सत्तर वर्षांपूर्वीही होते.

यातली अडचण "तिने मागणी केली तर" या चार शब्दांत आहे. मागायचं कुणी? जिला पगार बुडायची, उद्यापासून येऊ नको म्हणतील अशी भीती आहे, ती मागत नाही. शिवाय ही तरतूद दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानांना लागू आहे. चार पोरी कामाला असलेलं दुकान, घरोघरी भांडी घासणारी बाई, उसाच्या फडातली बाई, यांना त्यातून काही मिळत नाही.

केरळमध्ये हे बदललं ते दुकानांतल्या बायकांनीच बदललं. कोझिकोडच्या बाजारपेठेत कपड्यांच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांना दिवसभर बसायची मुभा नव्हती, लघवीला जायची सोय नव्हती. विजी नावाच्या शिंपीकाम करणाऱ्या बाईने त्यांना 'पेण्कूट्टु' या संघटनेत एकत्र आणलं. आधी स्वच्छतागृहासाठी, मग बसायच्या हक्कासाठी त्या वर्षानुवर्षं लढल्या. २०१८ मध्ये केरळने दुकानांसाठीच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसायची सोय देणं मालकांवर बंधनकारक केलं. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसाच कायदा केला. हा हक्क तिथे गर्भवतीपुरता नाही, सगळ्यांसाठी आहे, पुरुषांसाठीही. मला तेच योग्य वाटतं. सगळे बसत असले की पोटुशी बाईला वेगळं तोंड उघडून मागावं लागत नाही. महाराष्ट्र सरकारने दुकानांसाठी असाच निःसंदिग्ध शब्दांतला नियम लावावा आणि दुकान निरीक्षकाने तपासणीला आल्यावर इतर कागदांबरोबर खुर्च्याही मोजाव्यात, ही माझी मागणी आहे.

भाचीचं पुढे काय झालं ते सांगते. त्या संध्याकाळी तिला पाच मिनिटं बसवून मी बीपी मोजलं. १२४ वर ७८ निघालं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात लघवी तपासली, ती स्वच्छ होती. म्हणजे सूज साधीच होती, पण ते मोजल्यावर कळलं, न मोजता नाही. सासूबाईंशी मी फोनवर बोलले. मिठाची बंदी उठली आणि ओट्यापाशी स्टूल आलं. त्या बाईने ऐकलं, कारण तिला दोष न देता समजावून सांगितलं. मग आम्ही दोघींनी मिळून मालकांच्या नावे अर्ज लिहिला. उभं राहण्याबद्दलच्या त्या तरतुदीचा उल्लेख केला, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली.

आठवड्याने दुकानातही स्टूल आलं. पण ते काउंटरमागे ठेवलं नाही. गोदामाच्या दाराशी ठेवलं, दुकानात शिरणाऱ्याला दिसू नये अशा जागी. गिऱ्हाईक नसलं की भाचीने तिथे जाऊन बसायचं, गिऱ्हाईक आलं की उठून यायचं. लग्नसराईच्या दिवसांत गिऱ्हाईक नसतं असं होतच नाही. मालक वाईट माणूस नाही. त्याने भाचीला आधी सांगितलेलंच कारण मलाही सांगितलं: "गिऱ्हाइकाला बरं दिसत नाही."

ते गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही आणि मी. म्हणून ही विनंती मालकांना नाही, तुम्हाला आहे. दुकानात शिरल्यावर काउंटरमागची बाई बसलेली दिसली तर तिला बसू द्या. ती उठायला लागली तर म्हणा, "बसूनच दाखवा, आम्हाला घाई नाही." हे मालकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणा. आणि ती पोटुशी असेल, पाय सुजलेले दिसत असतील, तर या महिन्यात बीपी मोजलं का, एवढं विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची ही तपासणी मोफत होते.